‘प्राण्यांवर यशस्वी’ झालं, पुढे काय?

तुमच्या फॅमिली ग्रुपवरही अधूनमधून असा फॉरवर्ड येत असणार. ‘शास्त्रज्ञांना मोठं यश!’, पुढे चार उद्गारचिन्हं आणि हात जोडलेला इमोजी. काका अंगठा दाखवतात, मावशी तो पुढच्या तीन ग्रुपवर ढकलते आणि विषय संपतो. पण त्याच ग्रुपवर एखादं घर असं असतं, जिथे कुणीतरी खरंच आजारी असतं. त्या घरात तो फॉरवर्ड संपत नाही. तो सेव्ह होतो, डॉक्टरांना दाखवला जातो आणि ‘हे आपल्याकडे कधी येणार?’ असं विचारलं जातं.

इंटर्नशिपच्या दुसऱ्या आठवड्यात मीही असाच एक मजकूर लिहून मोकळी झाले होते. विषय होता, सजीव पेशींचा थर चढवलेले स्टेंट वापरून प्राण्यांच्या यकृतातला ‘शंट’ खुला ठेवण्याचे प्रयोग. निकाल आशादायक, असं वाचलं आणि हेडिंग ठोकून दिलं : ‘यकृताच्या रुग्णांना नवसंजीवनी!’

डेस्कवरच्या सरांनी कॉपी वाचली. लाल पेन उचललंच नाही. फक्त तीन प्रश्न विचारले. ‘‘कुठला प्राणी? किती दिवस? आणि कशापेक्षा चांगलं?’’

माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. बातमी त्या दिवशी लागली नाही. पण ते तीन प्रश्न डोक्यातून जाईनात. त्यांची उत्तरं शोधताना जे हाती लागलं, ते तुमच्यापुढे ठेवतेय. विषय डॉक्टरकीचा आहे म्हणून पान उलटू नका. यात कुत्री आहेत, डुकरं आहेत, रेनकोटचं कापड आहे आणि शेवटी आपल्या वयाची माणसंही आहेत.

एक्स्प्रेसवे बंद, गल्ल्या जाम

आपण जे खातो ते आतड्यांतून रक्तात उतरतं. पण ते रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आधी त्याला यकृताच्या चेकनाक्यावरून जावं लागतं. आतडी, जठर आणि प्लीहा यांचं रक्त गोळा करून यकृताकडे नेणारी एक जाड शीर असते, तिला पोर्टल व्हेन म्हणतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त या एकाच शिरेतून येतं. यकृत ते गाळतं, त्यातलं विष काढतं आणि मग पुढे सोडतं.

आता समजा यकृतच खराब झालं. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, वर्षानुवर्षं साठलेली चरबी, कारण काहीही असो. यकृत पुन्हा पुन्हा जखमी होतं, पुन्हा पुन्हा भरून येतं आणि दर वेळी थोडा वण मागे ठेवतं. शेवटी मऊ स्पंजासारखं असलेलं यकृत गाठीगाठींचं आणि कडक होतं. हाच सिरॉसिस. कडक यकृतातून रक्त सहज जाईना, की पोर्टल व्हेनमधला दाब वाढायला लागतो.

पुण्याला जाताना एक्स्प्रेसवे बंद पडला की काय होतं? गाड्या मिळेल त्या फाट्यावरून गावातल्या गल्ल्यांमध्ये घुसतात. रक्तही तेच करतं. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या भिंतीतल्या बारीक शिरा खरं तर थोड्याशाच रक्तासाठी असतात. त्यांच्यात हा सगळा लोंढा शिरतो आणि त्या फुगतात. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांमधल्या दाबाचा फरक निरोगी माणसात १ ते ५ मिलिमीटर पारा एवढाच असतो. तो १२ किंवा त्याच्या वर गेला की या फुगलेल्या शिरा फुटण्याचा धोका असतो. फुटली की रक्ताची उलटी. थेंबभर नाही, तांब्याभर. ज्यांनी घरात हे पाहिलंय, त्यांना मी वेगळं सांगायची गरज नाही. काहींच्या पोटात पाणी होतं. ते सुईने काढायचं, ते पुन्हा भरतं, पुन्हा काढायचं.

मानेतून यकृतात

यावर यकृत बदलणं हा मोठा उपाय. पण यकृत लगेच मिळत नाही आणि सगळ्यांना मिळत नाही. अशा वेळी डॉक्टर एक बायपास काढू शकतात. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, सगळे त्याला ‘टिप्स’ म्हणतात. हॉटेलातली टिप नाही आणि परीक्षेच्या टिप्सही नाहीत.

पोट कापायचं नाही. मानेतल्या शिरेत एक बारीक नळी घालायची. ती खाली सरकवत हृदयाच्या उजव्या कप्प्यातून पुढे यकृतातून बाहेर येणाऱ्या शिरेपर्यंत न्यायची. तिथून एक लांब, वाकडी सुई यकृताच्या मांसातून आरपार घालून पोर्टल व्हेनची फांदी गाठायची. मग फुग्याने तो मार्ग साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंद करायचा आणि तो मिटू नये म्हणून आत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसवायचा. २०१७ साली सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींना मर्यादा घातली, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचलाय. हा त्याचाच यकृतातला भाऊ. तुंबलेल्या रक्ताला थेट वाट मिळते, दाब उतरतो. यालाच शंट म्हणायचं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांमध्येही हे केलं जातं.

अर्थात, फुकट काही मिळत नाही. बायपासने गेलेलं रक्त चेकनाका चुकवतं. त्यातला अमोनिया न गाळताच मेंदूपर्यंत पोचतो. त्यामुळे बऱ्याच रुग्णांना गुंगी, गोंधळ, दिवस-रात्र उलटी होणं असे त्रास होतात. म्हणून शंट फार मोठा करूनही चालत नाही.

पण मुख्य दुखणं वेगळंच होतं. काढलेली वाट बंद व्हायची.

सुरुवात चुकीच्या शिरेत

गोष्ट सुरू होते १९६९ साली, अमेरिकेत. जोसेफ रॉश हे मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे डॉक्टर. ते कुत्र्यांवर प्रयोग करत होते आणि मानेतून यकृतात शिरून पित्ताच्या नळ्या गाठायचा त्यांचा प्रयत्न होता. सुई गेली भलतीकडेच, पोर्टल व्हेनमध्ये. दुसरा कुणी असता तर ‘चुकलं’ म्हणून सुई मागे घेतली असती. रॉश यांच्या लक्षात आलं, की म्हणजे इथून वाट काढता येईल! त्यांनी कुत्र्यांच्या यकृतात तशी वाट काढून प्लॅस्टिकच्या नळ्याही बसवून पाहिल्या. वाट निघाली, पण फार टिकली नाही.

१९८२ मध्ये टोरांटोच्या रोनाल्ड कोलापिंटो यांनी माणसात प्रयत्न केला. यकृतात वाट काढायची आणि त्यात फुगा फुगवून तब्बल १२ तास तसाच ठेवायचा. पण फुगा काढला की यकृत हळूहळू पुन्हा मिटायचं. मग मूळचे अर्जेंटिनाचे हुलिओ पाल्माझ धातूच्या जाळीचा स्टेंट घेऊन आले. आधी कुत्रे. तिथे वाट महिनोन् महिने खुली राहिली. १९८८ च्या जानेवारीत जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये पहिल्या माणसाला धातूचा स्टेंट घालून टिप्स झालं. तो रुग्ण इतका आजारी होता, की काही दिवसांतच दुसऱ्या कारणाने दगावला. पण त्याच्या यकृतातली वाट तेव्हाही खुली होती.

हिशेब करा. कुत्र्यात पहिली वाट १९६९, माणसात स्टेंट १९८८. मध्ये १९ वर्षं. म्हणजे रॉश यांच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी कुणी ‘रुग्णांना नवसंजीवनी’ असं हेडिंग केलं असतं, तर त्या बातमीवर विसंबलेल्या घराने किती वाट पाहिली असती?

यकृताच्या मते ती जखमच

धातूची जाळी आली तरी प्रश्न सुटला नव्हता. उघड्या जाळीचे स्टेंट घातलेल्या रुग्णांमध्ये वर्षभरात जवळपास निम्म्यांची वाट अरुंद व्हायची किंवा बंद पडायची. पुन्हा दाखल व्हा, पुन्हा फुगा, पुन्हा स्टेंट.

का? कारण आपण ज्याला ‘बायपास’ म्हणतो, ते यकृताच्या दृष्टीने आरपार पडलेलं भोक असतं. जखम झाली की शरीर ती भरून काढणारच, ते त्याचं कामच आहे. आजूबाजूच्या ऊतींमधून पेशी जाळीच्या छिद्रांतून आत घुसतात, वाढतात, थर जमवतात. शिवाय सुईने वाटेत एखादी पित्ताची नळी फोडली असेल तर पित्त झिरपतं, रक्ताची गुठळी होते आणि भरावाला आणखी निमित्त मिळतं. म्हणजे गंमत बघा, रुग्णाला वाचवणारी वाट बुजवायला त्याचं स्वतःचं शरीरच मेहनत घेत असतं.

मग आपल्या इतर रक्तवाहिन्या का बुजत नाहीत? कारण त्यांना आतून अस्तर असतं. एकाच पेशीच्या जाडीचं, चपट्या पेशींचं अखंड अस्तर, त्याला एंडोथेलियम म्हणतात. पूर्वी वाटायचं, हे नुसतं आतलं वेष्टन आहे. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या धमनीच्या पट्ट्यांवर दाखवून दिलं, की हे अस्तर घासून गेलं तर धमनी सैल व्हायचंच विसरते. अस्तरातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू बनवून भिंतीला निरोप देतात, हे पुढे कळलं. १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच कामासाठी होतं. हेच अस्तर गुठळी होऊ देत नाही आणि खालच्या पेशींना ‘उगाच वाढू नका’ असंही बजावतं.

आता यकृतात सुईने काढलेली वाट आठवा. ती मुळात रक्तवाहिनीच नाही. तिला अस्तर असणार कुठून? दोन टोकांच्या शिरांमधून अस्तर हळूहळू सरकत यायला हवं, पण तोवर भराव घालणारे पुढे निघून जातात.

इथेच त्या कल्पनेचा जन्म होतो. अस्तर येण्याची वाट कशाला बघायची? स्टेंटलाच अस्तर लावून पाठवू!

पेशींचं अस्तर शिवायचं कसं?

कल्पना नवी नाही. १९८९ मध्येच अमेरिकेतल्या डेव्हिड डिचेक आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या अस्तर-पेशींमध्ये नवीन जनुकं घालून त्या पोलादी स्टेंटवर वाढवल्या आणि फुग्याने स्टेंट फुगवल्यावरही त्या चिकटून राहतात, हे प्रयोगशाळेत दाखवलं. १९९७ मध्ये ताकायुकी आसाहारा यांच्या गटाने दाखवलं, की मोठ्या माणसाच्या रक्तातही अस्तराच्या पेशी घडवू शकतील अशा ‘पूर्वज’ पेशी फिरत असतात. मग तर दारच उघडलं. शीर कापून पेशी काढायला नकोत, नुसतं रक्त घेतलं तरी काम भागेल.

कृती ढोबळमानाने अशी. ज्या प्राण्याला स्टेंट बसवायचा, त्याचंच रक्त, अस्थिमज्जा किंवा शिरेचा तुकडा घ्यायचा. त्यातून हव्या त्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पोषक द्रवात, शरीराच्या तापमानाला, पुरेशा होईपर्यंत वाढवायच्या. यात काही आठवडे जातात. स्टेंटला चिकटपणा यावा म्हणून आधी एखाद्या प्रथिनाचा हात द्यायचा, मग त्यावर पेशी सोडायच्या आणि सगळ्या बाजूंनी नीट बसाव्यात म्हणून स्टेंट फिरवत ठेवायचा. मग तो दाबून बारीक नळीत भरायचा आणि मानेतून यकृतात.

या शेवटच्या पायरीवर थांबून विचार करा. आठवडे घालून लावलेलं एका पेशीच्या जाडीचं अस्तर, आणि आपण ते नळीत कोंबतोय, ढकलतोय, आत गेल्यावर फुलवतोय. त्यावर लगेच रक्ताचा लोंढा. काही पेशी खरवडल्या जाणार, काही वाहून जाणार. शेवटी टिकल्या किती, यावर सगळा खेळ.

आता सरांच्या प्रश्नांकडे येऊ.

प्रश्न पहिला : कुठला प्राणी?

डुक्कर. टिप्सवरच्या प्रयोगांत कुत्र्यांची जागा नंतर बहुतांशी डुकरांनी घेतली. आकार माणसाच्या जवळपासचा, म्हणजे माणसांचीच हत्यारं आणि स्टेंट वापरता येतात. शिवाय डुकराचं शरीर अशी वाट झपाट्याने बुजवतं. माणसात जे महिन्यांनी होतं ते इथे आठवड्यांत दिसतं. संशोधकांच्या दृष्टीने ही अवघड परीक्षा चटकन घेता येते.

पण मेख इथेच आहे. ही डुकरं बहुधा निरोगी असतात. त्यांना सिरॉसिस नसतो, पोर्टल व्हेनमध्ये दाब नसतो. तुंबलेल्या धरणाचा दरवाजा उघडणं वेगळं आणि संथ ओढ्याला पाट काढून देणं वेगळं. दाब नसला की शंटमधून रक्त जोरात वाहत नाही आणि संथ रक्तात गुठळी लवकर होते. त्यात डुकराच्या यकृताचे कप्पे चिवट पडद्यांनी वेगळे केलेले असतात, तसे माणसाच्या निरोगी यकृतात नसतात. आणि प्रयोगातली डुकरं तरुण असतात, त्यांच्या पेशी दणकट. सिरॉसिसच्या साठीतल्या रुग्णाच्या रक्तातून तशाच पेशी निघतील का?

प्रश्न दुसरा : किती दिवस?

डुकरांवरचे असे प्रयोग साधारण काही आठवड्यांचे असतात. वाट लवकर बुजत असल्याने फरकही तेवढ्यात दिसतो. मग रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर वाट तपासतात आणि शेवटी प्राण्याला भूल देऊन मारतात, कारण अस्तर खरंच बसलं का, हे पाहायला त्या वाटेचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरावेच लागतात.

हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. ‘प्राण्यांवर यशस्वी’ या दोन शब्दांमध्ये हेही असतं आणि ते लपवून बातमी लिहिणं बरोबर नाही. प्रयोगांतल्या प्राण्यांबाबत जगभर तीन तत्त्वं मानली जातात. रसेल आणि बर्च या दोघांनी ती १९५९ मध्ये मांडली : प्राण्याशिवाय भागत असेल तर प्राणी नकोच, लागत असतील तर कमीत कमी आणि जे लागतील त्यांना कमीत कमी वेदना. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख असते. मला वाटतं, यात बातमी लिहिणाऱ्याचाही वाटा आहे. ज्या जनावराच्या जिवावर ती माहिती मिळाली, ती निदान फुगवून वाया घालवू नये.

प्रश्न तिसरा : कशापेक्षा?

हा प्रश्न सगळ्यात साधा वाटला होता. निघाला सगळ्यात अवघड.

उघड्या जाळीपेक्षा अस्तर लावलेला स्टेंट चांगला ठरला, तर ती चांगलीच गोष्ट. पण आज टिप्ससाठी उघडी जाळी वापरतंय कोण? मधल्या काळात दुसऱ्याच एका अस्तराने बाजी मारली आणि त्यात एकही जिवंत पेशी नाही.

१९६९ साली, म्हणजे रॉश यांची सुई चुकली त्याच वर्षी, अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातकुळीतला पदार्थ झटक्यात ताणून पाहिला. तुटण्याऐवजी तो लांबला आणि आतून अतिसूक्ष्म छिद्रांचा झाला. महागड्या रेनकोट-जॅकेटमध्ये जो गोर-टेक्सचा पडदा वर्षानुवर्षं असायचा, तो हाच. पाणी आत येऊ देत नाही, घामाची वाफ जाऊ देतो. शिवाय शरीर त्याला फारसा विरोध करत नाही, म्हणून कृत्रिम रक्तवाहिन्यांमध्येही तो वापरला जातो. १९९५ मध्ये रॉश यांच्याच गटाने या पदार्थाचं कापड चढवलेले स्टेंट डुकरांच्या यकृतात घालून पाहिले आणि वाटा जास्त काळ खुल्या राहिल्या. कापडातून पित्त झिरपत नाही, बाहेरच्या पेशींना आत घुसायला जागा नाही. साधी भिंतच.

मग माणसांवर चाचणी झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८० रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काहींना उघडी जाळी, काहींना कापडाचा स्टेंट. उघड्या जाळीतल्या ४४ टक्के रुग्णांच्या शंटमध्ये बिघाड झाला, कापडाच्या गटात १३ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या स्टेंटला मान्यता दिली.

म्हणजे पेशींच्या अस्तराला आता शर्यत लावायची आहे ती या कापडाशी. आणि कापडाकडे आणखी एक हुकमी पत्ता आहे : ते कपाटात तयार असतं. २०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासात शिरा फुटून रक्तस्राव झालेल्या ६३ जास्त धोक्याच्या रुग्णांना घेतलं. काहींवर नेहमीचे उपचार केले, तर काहींना ७२ तासांच्या आत कापडी स्टेंट घालून टिप्स केलं. वर्षभराने लवकर टिप्स केलेल्यांपैकी ८६ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ६१ टक्के. रुग्णाच्या हातात ७२ तास आणि पेशी वाढायला काही आठवडे. हे गणित बसतच नाही.

यावर एक युक्ती हृदयाच्या स्टेंटमध्ये करून झालीय. पेशी बाहेर वाढवायच्याच नाहीत. रक्तातल्या पूर्वज पेशींना पकडणारी प्रतिपिंडं स्टेंटवर लावायची, पेशी आपोआप येऊन बसतील. हे स्टेंट माणसांमध्ये वापरलेही गेले. पण वाट पुन्हा अरुंद होण्याचा धोका ज्यांना जास्त, अशा रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ते औषध लावलेल्या स्टेंटपेक्षा सरस ठरले नाहीत. कल्पना सुरेख असणं आणि रुग्णाला फायदा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे पुन्हा दिसलं.

मग सोडून द्यायचं का?

नाही. आणि हे मी नुसतं गोड शेवट हवा म्हणून लिहीत नाही.

यकृताचा आजार म्हणजे दारुड्या माणसाचा आजार, असं आपण सहज बोलून जातो. बड-किआरी सिंड्रोम नावाचा एक विकार आहे. त्यात यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिराच गुठळीने बंद होतात. दारूचा थेंब न घेतलेल्यांनाही तो होतो आणि आपल्या देशात तो बरेचदा विशी-तिशीतल्या मुलामुलींमध्ये दिसतो. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचं कुणीतरी. त्यातल्या काहींना टिप्सचा आधार घ्यावा लागतो.

साठीतल्या रुग्णाचा शंट काही वर्षं चालला तर तोवर यकृत मिळण्याची आशा असते. पण बावीस वर्षांच्या मुलीचा शंट किती वर्षं चालायला हवा? त्यातून तिच्या रक्ताचीच गुठळी होण्याची सवय. कापडाची भिंत उत्तम असली, तरी ती नुसती भिंत आहे. ती नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, गुठळीला नकार देत नाही आणि जिथे ती संपते त्या टोकाशी शीर पुन्हा अरुंद होऊ शकते. त्या मुलीला गळतीचा प्रसंग नाही, तिच्या उपचाराची तारीख ठरवता येते, म्हणजे पेशी वाढवायला वेळही मिळू शकतो. जिवंत अस्तराचा खरा उपयोग झाला, तर तो कदाचित अशांना होईल. त्यासाठी मात्र डुकरांमध्ये कापडी स्टेंटशीच तुलना, जास्त दिवसांचे प्रयोग, आजारी यकृतातली परीक्षा आणि मग माणसांवरच्या चाचण्या, अशा सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतील. त्यातली कुठलीही पायरी हेडिंगमध्ये उडी मारून ओलांडता येत नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते अगदीच बिनचमकदार आहे. हिपॅटायटिस बीची लस झालीय का, ते घरी विचारा. दारूचं तुम्हाला सांगायला हवं असं नाही. आणि कुणाला रक्ताची उलटी झाली, तर फॉरवर्ड शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर ‘प्राण्यांवर यशस्वी’ आलं, तर मावशीला हे तीन प्रश्न विचारा. कुठला प्राणी? किती दिवस? कशापेक्षा? भांडायच्या सुरात नको. कारण त्या ग्रुपवर एक घर असं असतं, जिथे तो मेसेज सेव्ह होतो. त्या घराला खोटी आशा देणं वाईट, पण ‘हे सगळं खोटंच असतं’ म्हणून खरी आशा काढून घेणंही तितकंच वाईट.

माझी ती बातमी शेवटी मी पुन्हा लिहिली. नवं हेडिंग होतं : ‘पेशींचं अस्तर लावलेल्या स्टेंटची डुकरांमध्ये चाचणी, रुग्णांपर्यंतचा पल्ला अजून लांब’. सरांनी वाचलं. या वेळी लाल पेन उचललं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि म्हणाले, ‘‘हेडिंग दोन कॉलमात मावत नाही. पण खरं आहे. तीन कॉलम घे.’’